चार्जशीट दाखल झाल्यावर तालुका कोर्टात काय काय होते
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक)

तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, तपास संपला आणि पोलिसांनी कोर्टात चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र पाठवले. आता समन्स हातात आहे आणि घरात सगळे घाबरलेले आहेत. खटला सुरू झाला म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असे नाही. गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. हे घरातल्या मोठ्या माणसांनाही समजावून सांगा, कारण निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो.

केस नंबर आणि कलमे

समन्सवर आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) असे लिहून पुढे नंबर आणि वर्ष असते. त्याशिवाय प्रत्येक केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर कलमे जुन्या भारतीय दंड संहितेची, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. भांडण-मारामारीच्या केसमध्ये सगळ्यांच्या तोंडी असलेले 323 (साधी दुखापत) आता 115(2) झाले, 504 (अपमान करून डिवचणे) चे 352 झाले आणि 506 (धमकी) चे 351. नंबर बदलला म्हणून गुन्हा वाढला असे समजू नका.

पहिली तारीख

सकाळी अकराच्या आत कोर्टात या. शिपाई नावाचा पुकारा करतो, तेव्हा आत जाऊन उभे राहायचे. आम्ही वकालतनामा दाखल करतो आणि जामिनाचा अर्ज देतो. पोलिसांनी अटक न करता फक्त नोटीस देऊन सोडले असले तरी कोर्टात बहुधा जामीन द्यावा लागतो. हे अनेकांना माहीत नसते, आणि ते जामीनदार न घेताच येतात.

जामीनदाराने चालू तारखेचा सातबारा किंवा घराचा उतारा, आधार कार्ड, रेशनकार्ड आणि फोटो आणावेत. काही कोर्टे तहसीलदारांचा ऐपतदाखलाही मागतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. आपण आणखी किती जणांना जामीन आहोत हे जामीनदाराला लिहून द्यावे लागते, ते खरेच लिहावे. कोर्टाच्या आवारात कोणी ‘मी जामीनदार लावून देतो, एवढे पैसे द्या’ म्हणाला तर त्याच्या नादी अजिबात लागू नका. असे कागद खोटे निघाले तर जामीनदाराबरोबर तुम्हीही नव्या गुन्ह्यात अडकता. नात्यातला, गावातला माणूस मिळत नसेल तर आम्हाला सांगा. रोख अनामत भरायची परवानगी कोर्टाकडे मागता येते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. तालुका विधी सेवा समितीकडे आणि जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

चार्जशीटची नक्कल

ही मोफत मिळते. नव्या कायद्याप्रमाणे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत ती द्यायची असते. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्ती पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, डॉक्टरांचे सर्टिफिकेट, सगळी पाने आहेत का ते बघूनच सही करा. मग घरी शांतपणे वाचा. कोण कुठे उभे होते, किती वाजले होते, पंच कोणाच्या नात्यातला, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असते. खटकले तिथे पेन्सिलने खूण करून कागद ऑफिसात आणा. यात दिरंगाई नको. केस वॉरंट खटल्याची, म्हणजे दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या कलमाची असेल, तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळे करा असा, अर्ज नक्कल मिळाल्यापासून साठ दिवसांत करावा लागतो.

‘गुन्हा कबूल आहे का?’

हे पत्रक लिहायचे खरे कारण हा प्रश्न आहे. चार्ज ठेवताना, म्हणजे कोर्ट आरोप निश्चित करते तेव्हा, किंवा लहान केसमध्ये गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवल्यावर, न्यायाधीश मराठीतून विचारतात, ‘समजले का? गुन्हा कबूल आहे का?’ तोवर चार-पाच तारखा होऊन गेलेल्या असतात, रोजगार बुडालेला असतो. बाहेर बाकावर बसलेला कोणी सांगतो, ‘कबूल म्हण, हजार-दोन हजार दंड होईल, मोकळा होशील.’

कबुली दिली की दोषी ठरल्याचा निकाल लागतो. दंड एकदाच भरायचा असतो, शिक्षेची नोंद मात्र राहते. पोलिस भरती, सरकारी नोकरी, कंपनीची चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणी ती नोंद पुढे येते. बावीस वर्षांच्या मुलाने दंड भरून मोकळे व्हायला जावे आणि भरतीच्या वेळी तेच कागद आडवे यावेत, हे बघवत नाही. कबूल करणे कधी योग्यही असते, पण तो निर्णय ऑफिसात बसून, काय होईल ते समजून घ्यायचा असतो, पिंजऱ्यात उभे राहून नव्हे. आमच्याशी बोलणे झाले नसेल तर ‘नाकबूल’ म्हणा किंवा ‘वकिलांशी बोलायला वेळ द्या’ अशी विनंती करा. दोन्हींचा तुम्हाला हक्क आहे.

दोन्हीकडची मने वळली असतील तर तडजोडीचा मार्ग आहे. 115(2), 352 अशा कलमांत फिर्यादीने तडजोड केली की आरोपीची निर्दोष सुटका होते, लोकअदालतीतही अशी प्रकरणे मिटतात. सासरच्या छळाचे कलम (पूर्वीचे 498अ) मात्र असे मिटत नाही. त्यासाठी हायकोर्टात अर्ज करावा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. फिर्यादीकडे स्वतः बोलायला जाण्याआधी जामिनाच्या अटी बघा. साक्षीदारांवर दबाव आणला असा अर्ज झाला तर जामीन रद्द होऊ शकतो.

पुरावा आणि तारखा

सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात, तो सरतपास. मग आम्ही त्याला उलट प्रश्न विचारतो, तो उलटतपास. साक्षीदार खोटे बोलतोय असे वाटले तरी मागून बोलू नका, चिठ्ठी लिहून द्या. साक्षीदार आला नाही, पोलिस बंदोबस्ताला गेले, न्यायाधीश रजेवर, अशा कारणांनी तारखा पडतात. वर्ष-दोन वर्षे धरून चला.

तुम्हाला यायला जमणार नसेल तर सकाळीच कारणासह कळवा, आम्ही गैरहजेरी माफीचा अर्ज देऊ. न सांगता राहिलात तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जामीनदाराला नोटीस जाते. वॉरंट निघाल्याचे कळले तर पोलिस येण्याची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी या. स्वतःहून आलेल्या माणसाचे वॉरंट रद्द होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

पुरावा संपल्यावर न्यायाधीश तुम्हाला थेट प्रश्न विचारतात. हा जबाब शपथेवर नसतो. उत्तर दिले नाही म्हणून शिक्षा होत नाही, पण दिलेली उत्तरे निकालात विचारात घेतात. म्हणून आधी आमच्याबरोबर बसा.

निकालाच्या दिवशी

स्वतः या आणि जामीनदारालाही आणा. शिक्षा झाली आणि ती तीन वर्षांपर्यंतची असेल, तर जामिनावर असलेल्या आरोपीला अपिलासाठी तेच कोर्ट त्याच दिवशी जामीन देते. जामीनदार जवळ नसला तर रात्र जेलमध्ये काढावी लागू शकते. निकालाची प्रत लगेच मोफत मिळते, आणि सेशन कोर्टात अपील तीस दिवसांत करायचे असते. पहिलाच गुन्हा असेल तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती आम्ही करतो.

निर्दोष सुटलात तरी, अपील झाल्यास वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी दिलेला जामीन सहा महिने चालू राहतो, हे जामीनदाराला आधीच सांगून ठेवा. रोख अनामत आणि जप्त केलेली मोटारसायकल किंवा मोबाइल आपोआप घरी येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, तो करायला निकालानंतरच्या आठवड्यात ऑफिसात या. येताना अनामतीची मूळ पावती आणि गाडीचे आर.सी. बुक आणा.