आधी सगळे, मग निवडलेले: न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतल्या नृत्यवर्गाची पार्श्वभूमी

‘नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट’ ही न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत नृत्य शिकवणारी संस्था. तिथे शाळेच्या वेळेबाहेर जादा सरावाला येणाऱ्या मुलांचा एक गट आहे. त्याचं नाव ‘स्वॅट टीम’. अमेरिकेत पोलिसांच्या विशेष पथकाला ‘स्वॅट’ म्हणतात, म्हणून नाव पोलिसी वाटतं, पण त्या अक्षरांमागचे शब्द वेगळे आहेत: ज्याला मनापासून यायचं आहे, जो मेहनतीनं पुढे आला आहे आणि ज्याच्या अंगात गुण आहेत, अशा मुलासाठी शिष्यवृत्ती. इच्छा पहिली, गुण शेवटी. हा क्रम असाच का, हे समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. थोडं त्याच्याही आधी.

तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी, मोफत शाळा. अशा शाळांतल्या गुणी मुलांना कलेचं चांगलं शिक्षण मिळावं, ही कल्पना न्यूयॉर्कला नवी नव्हती. महापौर फिओरेलो लागार्डिया यांनी १९३६ मध्ये संगीत आणि चित्रकलेसाठी खास हायस्कूल काढलं. त्यांचे वडील सैन्यातले बँडमास्टर, त्यामुळे घरात वाद्यं होतीच. १९४८ मध्ये नृत्य-नाट्यासाठी आणखी एक शाळा निघाली. दोन्हीकडे फी नाही, प्रवेश मात्र चाचणी देऊन. व्यवस्था चांगलीच होती, पण ती एका गोष्टीवर उभी होती. चौदाव्या वर्षी चाचणीला उभं राहायचं, तर त्याआधी कुणीतरी त्या मुलाच्या हातात व्हायोलिन किंवा ब्रश दिलेला असावा लागतो. ज्याच्या घरी ते शक्य नव्हतं, त्याच्यासाठी हे काम प्राथमिक शाळेतले संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक करत होते.

१९७५ मध्ये नेमका तोच दुवा तुटला. न्यूयॉर्क शहराचं दिवाळं निघायची वेळ आली होती. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला काही तासांत देणी भागवायची होती आणि तिजोरीत पैसे नव्हते. शेवटी शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले गेले, तेव्हा शहर वाचलं. म्हणजे वाचवलं शिक्षकांच्या पैशानं, आणि त्याच काटकसरीत हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. कलाशिक्षकांवर कुऱ्हाड सर्वांत आधी पडली. कला हा विषय ‘जादा’ समजला जातो, तिथे हे असंच होतं. ही गोष्ट वाचताना मला आजही राग येतो.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जाक दाम्ब्वाझ यांनी ‘नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ते ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’ या नृत्यसंस्थेचे आघाडीचे नर्तक होते आणि पंधराव्या वर्षापासून तिथे नाचत होते. पण त्यांची स्वतःची सुरुवात कुठल्याही चाचणीतून झालेली नव्हती. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात ते वाढले. आई बहिणीला बॅलेच्या वर्गाला न्यायची, तेव्हा या चुळबुळ्या मुलालाही सोबत न्यायची. तो बसून खोड्या काढायचा. शेवटी बाईंनी त्याला आव्हान दिलं, एवढा जोर आहे तर उडी मारून दाखव. त्यानं मारली, आणि उड्या मारता याव्यात म्हणून पुढे रोज यायला लागला. त्या दिवशी बाईंनी त्याला फक्त गप्प बसवलं असतं, तर त्याच्यातला नर्तक कुणाच्याच दृष्टीस पडला नसता.

संस्थेची पद्धत मला तरी याच अनुभवातून आलेली दिसते. सुरुवातीला वर्ग फक्त मुलग्यांसाठी होता, मुली नंतर आल्या. वर्ग शाळेच्या वेळेतच भरतो आणि त्यात इयत्तेतली सगळी मुलं असतात, निवडून काढलेली नव्हे. संगीत टेपवरचं नसतं. वादक तिथेच पियानोवर बसलेला असतो आणि मुलं अडली की तोही थांबतो. मुलं रांगांत उभी राहतात, आणि नाचाचा एक तुकडा जमला की पुढची रांग मागे जाते, मागची पुढे येते. मागे लपून राहिलेलं पोर पाच मिनिटांत सर्वांत पुढे, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर! मला ही रांगांची फिरती सगळ्यात महत्त्वाची वाटते. असे वर्ग झाल्यावर, त्यातली काही मुलं जादा सरावासाठी, म्हणजे ‘स्वॅट टीम’साठी, निवडली जातात. या कामावरच्या माहितीपटाला १९८४ मध्ये ऑस्कर मिळालं आणि संस्थेचं नाव देशभर झालं. दाम्ब्वाझही त्याच वर्षी रंगमंचावरून निवृत्त झाले आणि मुलांना शिकवत राहिले.

चित्रकलेतही असंच घडलं. कलासंग्राहक अ‍ॅग्नेस गुंड यांनी शाळांतली कला बंद होतेय ही बातमी पेपरात वाचली, आणि १९७७ मध्ये ‘स्टुडिओ इन अ स्कूल’ काढून काम करणारे चित्रकार थेट वर्गात पाठवले.

सरकारनं हात पुढे केला तो फार उशिरा. १९९७ मध्ये ‘प्रोजेक्ट आर्ट्‌स’ या नावानं शाळांना फक्त कलेसाठी राखीव निधी मिळू लागला. २००७ मध्ये ते राखीवपण काढून टाकलं, मग मुख्याध्यापक तो पैसा कुठेही वळवू शकत होते. २०१४ मध्ये शहराच्या लेखानियंत्रकांच्या अहवालात आलं की २८ टक्के शाळांत पूर्णवेळ प्रशिक्षित कलाशिक्षक नाही, आणि २० टक्के शाळांत तर अर्धवेळही नाही. अशा अजिबात शिक्षक नसलेल्या शाळांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक दोनच भागांत होत्या: साउथ ब्राँक्स आणि सेंट्रल ब्रुकलिन. गरीब वस्त्या त्याच. संस्था कितीही चांगली असली, तरी एवढं मोठं भगदाड तिला एकटीनं बुजवता येत नाही, आणि तशी अपेक्षा करणंही मला चुकीचं वाटतं.

दाम्ब्वाझ यांच्या कामाची एक शाखा न्यू मेक्सिकोत रुजली. त्यांच्यासारख्याच न्यूयॉर्क सिटी बॅलेत नाचलेल्या कॅथरिन ओपनहायमर यांनी १९९४ मध्ये तिथे ‘एनडीआय न्यू मेक्सिको’ सुरू केली (एनडीआय म्हणजे नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट). वर्गांतून गुणी मुलं पुढे येऊ लागली, पण मोठेपणी त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न होता. त्यातून २०१० मध्ये सांता फेला राज्याची मोफत कलाशाळा उभी राहिली. तिथे नेहमीचे विषय सरकारी खर्चानं शिकवले जातात आणि कलाशिक्षणाचा पैसा एक ना-नफा संस्था देणग्यांतून उभा करते.

न्यूयॉर्कच्या मूळ संस्थेला मात्र पस्तीस वर्षं स्वतःची जागा नव्हती. २०११ मध्ये ती मिळाली, हार्लेममध्ये, १४७व्या रस्त्यावर. ही इमारत म्हणजे पब्लिक स्कूल क्रमांक ९०, शाळा बंद झाल्यावर अनेक वर्षं ओस पडलेली. दाम्ब्वाझ २०२१ मध्ये गेले. त्या जुन्या शाळेत आता पियानो वाजतो आणि मागची रांग पुढे येते.