परकीय हस्तक (रशिया)

परकीय हस्तक : (रशियन इनोअगेंत). परदेशी निधी वा प्रभावाखाली असल्याच्या कारणावरून रशियाच्या न्याय मंत्रालयाने नोंदवहीत समाविष्ट केलेली व्यक्ती, संस्था वा प्रसारमाध्यम. मूळ कायदा जुलै २०१२ मध्ये संमत झाला व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमलात आला. परदेशी निधी घेऊन ‘राजकीय कार्य’ करणाऱ्या बिगर-सरकारी संस्थांपुरताच तो प्रारंभी मर्यादित होता.

कायद्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या १९३८ च्या परकीय हस्तक नोंदणी कायद्याचे हे अनुकरण होय, असे रशियन सरकारचे म्हणणे. मात्र अमेरिकी कायद्यात परकीय मालकाच्या (ज्याच्या वतीने काम चालते त्या सरकारच्या, संस्थेच्या वा व्यक्तीच्या) आदेशाने, विनंतीवरून वा नियंत्रणाखाली काम केल्याचे दाखवावे लागते. रशियन कायद्यात तसा मालक दाखवण्याची गरज नाही. निधी आला एवढे पुरे होते. त्यामुळे साम्य बरेचसे नावापुरते उरते. डिसेंबर २०११ च्या ड्यूमा (रशियन संसदेचे कनिष्ठ सभागृह) निवडणुकीनंतर मॉस्कोत झालेल्या निदर्शनांची ही प्रतिक्रिया होती, असे मत अधिक प्रचलित आहे. काही अभ्यासक त्याही मागे जाऊन युक्रेनमधील २००४ च्या ‘नारिंगी क्रांती’नंतर (निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्धचे जनआंदोलन) आलेल्या २००६ च्या स्वयंसेवी संस्थाविषयक कायद्याकडे बोट दाखवतात. निदर्शनांमुळे कायद्याची वेळ ठरली, दिशा आधीच ठरली होती, असे मानल्यास ही दोन्ही मते जुळतात.

नोंदणी आरंभी संस्थांनी स्वतःहून करायची होती. फारशा कोणी ती केली नाही, म्हणून २०१४ मध्ये परस्पर नोंद करण्याचा अधिकार मंत्रालयाला मिळाला. २०१७ मध्ये माध्यमे व २०१९ च्या अखेरीस व्यक्तीही कक्षेत आल्या. लेव्हादा सेंटर ही जनमत चाचणी संस्था २०१६ पासून यादीत आहे. सोव्हिएत दडपशाहीचा इतिहास जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने विसर्जित केली. हस्तक असल्याचा सक्तीचा शिक्का प्रकाशनांवर न छापणे हे त्याचे मुख्य कारण दाखवले गेले. पुढच्याच वर्षीच्या शांतता नोबेल पारितोषिकात तिचा वाटा होता.

युक्रेनवरील आक्रमणानंतर निधीची अटही गेली. १ डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ‘परकीय प्रभाव’ पुरेसा ठरतो, आणि त्याची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्या बाहेर कोण राहते हे सांगणे अवघड. नवी नावे सहसा शुक्रवारी जाहीर होतात. नोबेल विजेते संपादक दिमित्री मुरातोव्ह यांचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये आले. नोंद झालेल्यांना सरकारी नोकरी व अल्पवयीनांना शिकवणे वर्ज्य आहे. २०२४ पासून त्यांच्या माध्यमांवर जाहिराती देण्यास व त्यांना निवडणूक लढवण्यास मनाई झाली. मार्च २०२५ पासून मानधन, भाडे इत्यादी उत्पन्न विशेष रूबल खात्यात जमा होते व नोंद रद्द होईपर्यंत ते काढता येत नाही. पुन्हा उल्लंघन केल्यास फौजदारी खटला होतो.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २०२२ मध्ये मूळ कायदा संघटना-स्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवला. हे न्यायालय ज्या संघटनेचे आहे त्या युरोप परिषदेतून रशियाला तोवर वगळलेले असल्याने निकालाची अंमलबजावणी झाली नाही. जॉर्जिया व किर्गिझस्तान येथे २०२४ मध्ये याच धर्तीचे कायदे झाले.