कळा, भीती आणि रेकीवाल्या ताईंचे हात

लालबागमध्ये राहून गणपतीच्या दिवसांत एखादी गल्ली टाळायची म्हणजे पायांचे तुकडे पडतात. माझी भाची ती टाळते. साडेतीन वर्षांपूर्वी त्या गल्लीतल्या एका नर्सिंग होममध्ये तिचं पहिलं बाळंतपण झालं. रात्रभर कळा, आई आणि नवरा बाहेर जिन्यात, आत ती एकटी. कण्हली की ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस’ हे ठेवणीतलं वाक्य ऐकायचं. पहाटे एकदम धावपळ, आणि सिझर. बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणून पेढे वाटले आणि विषय मिटला. आता दुसऱ्या खेपेला सातवा लागला, तशी स्पिरिटच्या नुसत्या वासाने तिच्या तळहातांना घाम फुटायला लागला.

शेजारणीने तिला परळच्या एका रेकीवाल्या ताईंकडे नेलं. तासाचे बाराशे रुपये. खोलीत मंद दिवा, फोन बंद, पंखासुद्धा हळू. ताई कपाळापासून पोटापर्यंत कधी चार बोटं वरून, कधी अलगद टेकवून हात फिरवतात. चौथ्या बैठकीनंतर भाची कितीतरी दिवसांनी रात्रभर सलग झोपली. मग मला विचारलं, “मावशी, तू विज्ञानाचं लिहितेस ना? यात खरंच काही असतं का गं?” ‘काही नसतं’ म्हणून मी मोकळी होणार होते. पण ती झोपली होती, त्याचं काय करायचं?

आधी भीतीचं बघू. बाळंतपणाच्या पराकोटीच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात. ग्रीक भाषेत ‘टोकोस’ म्हणजे प्रसूती. २००० साली हॉफबर्ग आणि ब्रॉकिंग्टन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी तिचं सविस्तर वर्णन केलं आणि कधीच न बाळंत झालेल्या बाईची भीती वेगळी, आधीच्या वाईट अनुभवातून उरलेली वेगळी, असा फरक केला. भाचीची दुसऱ्या जातीची. ‘सगळ्याच बायका बाळंत होतात’ हे वाक्य तिच्या कामाचं नाही, कारण ती आपल्याच बाळंतपणाला घाबरते आहे.

ही भीती नुसती मनात राहत नाही. चाळीतली मांजर आठवा: ती माळ्यावर, ट्रंकेच्या मागे, अंधारात जाऊन विते, आणि कोणी डोकावलं की जागा बदलते. धोका असताना पिल्लू बाहेर येणं परवडणारं नसतं. माणसाच्या शरीरातही ही जुनी यंत्रणा शाबूत आहे. घाबरल्यावर रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. गर्भाशयाच्या स्नायूंवर बीटा-२ नावाचे ग्राहक, म्हणजे रक्तातली रसायनं पकडणाऱ्या जागा, असतात. अ‍ॅड्रेनलिन त्यांना चिकटलं की स्नायू सैल पडतो आणि कळा मंदावतात. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला आयसॉक्सुप्रिनची गोळी देतात ना, ती याच कुलपात किल्ली घालते. म्हणजे भेदरलेली बाई आपल्याच शरीरात कळा थांबवायचं औषध तयार करत असते, आणि बाहेरून सिस्टर सांगत असते, “जोर लाव.” नॉर्वेत २,२०६ बायकांच्या प्रसूतींचा अभ्यास झाला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणाची तीव्र भीती असलेल्यांच्या कळा इतरांपेक्षा दीड तास जास्त चालल्या होत्या. बाकीची कारणं हिशेबातून वजा केल्यावरही ४७ मिनिटांचा फरक उरलाच.

आता रेकीवाले म्हणतात त्या ऊर्जेचं बघू. रेकी काही हजारो वर्षांची वगैरे नाही. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी ती १९२२ च्या सुमारास सुरू केली आणि हवायो ताकाता यांच्यामार्फत ती हवाईला आणि पुढे अमेरिकेत पोचली. तिचा दावा असा की तळहातांतून एक जीवनऊर्जा रुग्णात जाते. विज्ञानात ऊर्जा मोजता यावी लागते. तळहातातून मोजता येण्याजोगी बाहेर पडते ती उष्णता, आणि ती तुमच्याआमच्याही हातातून पडते.

दावा तपासण्याची सगळ्यात साधी युक्ती काढली ती एका शाळकरी मुलीने. अमेरिकेतल्या एमिली रोझाने वयाच्या नवव्या वर्षी ‘थेरप्युटिक टच’ या रेकीच्या चुलत बहिणीवर प्रयोग केला. उपचारक पडद्यापलीकडे बसून दोन्ही तळहात पुढे करणार, एमिली नाणं उडवून त्यांतल्या एकावर आपला हात धरणार, आणि कुठल्या हाताला तिची ऊर्जा जाणवते ते त्यांनी सांगायचं. २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरं १२३. म्हणजे ४४ टक्के! डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

आपल्या विषयाला अगदी जवळचा प्रयोग कॅनडातला, २०११ चा. ठरवून सिझर झालेल्या ८० बायकांपैकी काहींना दुरून रेकी दिली, काहींना नाही; कोणाला दिली हे त्यांना आणि त्यांचं दुखणं मोजणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. रेकीच्या गटात नाडी आणि रक्तदाब किंचित कमी आढळले, पण दुखण्यात फरक नाही.

इथे माझ्या मते खरी मेख आहे. दुरून दिलेल्या रेकीत काय वगळलं गेलं होतं? हात, आवाज, आणि समोर बसलेलं माणूस.

हाताचं शास्त्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडत गेलंय. केसाळ त्वचेत, म्हणजे हातापाठीच्या कातडीत, सी-टॅक्टाइल नावाचे मंद गतीचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर वेगाने, उबदार हाताने कुरवाळलं की ते सर्वांत जास्त चेततात, आणि त्यांचा निरोप मेंदूच्या भावनेशी संबंधित भागाकडे जातो. आजी पाठीवरून हात फिरवते तोच वेग. तिला कोणी मोजून दिलेला नसतो.

वागण्याचाही हिशेब झाला आहे. पोटाच्या एका चिवट विकाराच्या २६२ रुग्णांवर हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या चमूने २००८ मध्ये लुटुपुटीचं अ‍ॅक्युपंक्चर करून पाहिलं. या सुया टोचतच नाहीत. नुसतं प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. खोट्या सुया आणि जेवढ्यास तेवढं बोलणं मिळालेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. त्याच खोट्या सुया, पण विचारपूस करणारा, ऐकून घेणारा उपचारक मिळालेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. परळच्या ताई तासभर ऐकून घेतात. आमच्याकडे बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना तीन मिनिटं मिळाली तरी नशीब.

तेव्हा ताईंकडे जाण्यात गैर काय? शांत वाटण्यापुरतं, काही नाही. पण ‘तुझं चक्र बंद आहे म्हणून मागच्या वेळी सिझर झालं’ असं कोणी म्हणालं की मी तिथून उठेन. आधीच दुखावलेल्या बाईच्या पदरात दोषही टाकायचा? आणि बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फुटेस्तोवर दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगावरून लाल गेलं, तर कुणाच्याही हाताखाली जाऊन पडायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

बाळंतपणाचा घाव कधी कधी भीतीपलीकडे जातो. शंभरात साधारण चार बायकांना प्रसूतीनंतर आघातोत्तर ताणविकार जडतो: स्वप्नं, नको असताना डोळ्यांपुढे येणारी दृश्यं, जागा टाळणं. त्यावर मानसोपचारात आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा) आणि ईएमडीआर (डोळे हलवत त्रासदायक आठवण हाताळायला लावणारा) असे तपासलेले उपचार आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर तातडीचं सिझर झालेल्या ५६ बायकांपैकी काहींना सहा तासांच्या आत पंधरा मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडत्या विटा रचायचा व्हिडिओ गेम, खेळायला दिला. पहिल्या आठवड्यात त्यांना तसली दृश्यं कमी दिसली. डोळ्यांपुढचा फळा विटांनी भरला की आठवणीला गडद चित्र काढायला जागा कमी पडते, असा तर्क. भाचीला मी आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर बोलायला लावलं, मग समुपदेशकाकडे पाठवलं. ताई चालू राहू दे म्हटलं.

आणि एक गोष्ट आम्ही लावून धरली. कळांमध्ये सतत कोणी सोबत असेल तर काय होतं, याचे १५ हजारांहून जास्त बायकांवरचे प्रयोग एकत्र करून २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा आला: सिझरचं प्रमाण कमी, वेदनाशामकं कमी, कळांचा काळ थोडा आखूड, आणि बाळंतपणाबद्दलची कटुताही कमी. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायला मुभा दिली आहे. अट काय, तर शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं. सुईणीच्या जमान्यात ही अट लिहावी लागली नसती.

भाचीने दुसरीकडे नाव घातलं, सोबतीण आत घेतात याची आधी खात्री करून. कळा सुरू झाल्यावर माझी बहीण नऊ तास स्टीलच्या स्टुलावर बसून तिच्या कमरेवरून हात फिरवत होती. या वेळीही अखेर सिझरच झालं. थिएटरच्या दारापर्यंत तिचा हात बहिणीच्या हातात होता.

रेकीवाल्या ताई पाचवीला आल्या. दोन बैठकांचे पैसे आगाऊ घेतलेले राहिले होते, ते त्यांनी पाकिटात घालून बाळाच्या मुठीत दिले.