ऑपरेशन झालं, आता लक्ष बादलीकडे

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट आवळलेला असतो आणि नळी आत शिरते ती इतकी तिरकी, की एकदा पोटात गेलेलं वर येणं जवळपास अशक्यच. एरवी यामुळे त्याचं काही अडत नाही. पोटाचं ऑपरेशन झालं की मात्र हेच जिवावर बेतू शकतं.

म्हाताऱ्या घोड्यांत हमखास आढळणारा प्रकार घ्या. आतडी ज्या पडद्याला लोंबतात त्यावर चरबीची गाठ वाढते. गाठ तशी निरुपद्रवी, पण तिला देठ फुटतो आणि एक दिवस तो लहान आतड्याला फास घालतो. रक्त थांबतं, घोडा पोटशुळाने लोळू लागतो. मग ५०० किलोचं जनावर भूल देऊन उताणं करायचं, काळं पडलेलं आतडं कापून काढायचं, उरलेली टोकं जोडायची. शुद्धीवर येऊन घोडा पायावर उभा राहिला की मालक सुटकेचा श्वास टाकतो. सर्जन टाकत नाही.

कारण आतडं संपावर जाऊ शकतं. वीसेक मीटर लांबीच्या लहान आतड्यातून अन्न पुढे जातं ते स्नायूंच्या लाटांमुळे. ऑपरेशनमध्ये हाताळलेल्या, आधीच फुगून ताणलेल्या आतड्यात या लाटा थांबतात. याला इलियस म्हणतात. पूर्वी सगळा दोष मज्जातंतूंवर जायचा. आता कळलंय की काही तासांनी पांढऱ्या पेशी आतड्याच्या स्नायूत शिरतात, तिथे दाह होतो आणि काम आणखी बिघडतं. संध्याकाळी बरा वाटलेला घोडा दुसऱ्या दिवशी मान टाकून उभा दिसतो, तो यामुळेही.

लाटा थांबल्या तरी पाचकरस झरतच राहतात. पुढची वाट बंद, म्हणून ते उलटे जठरात साचतात. एवढ्या धिप्पाड प्राण्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. उलटीची सोय नाही. जठर फुटलं की काही हातात उरत नाही.

म्हणून साचलेलं बाहेर काढायला नाकातून जठरापर्यंत नळी. ती घशाशी आली की घोड्याने गिळायला हवी. मानेच्या डाव्या बाजूला ती खाली सरकताना दिसते, आणि ते नीट पाहावंच लागतं, कारण चुकून श्वासनलिकेत गेलेल्या नळीत पाणी ओतलं तर घोडा दगावेल. मग थोडं पाणी आत सोडायचं, नळीचं बाहेरचं टोक बादलीत खाली धरायचं आणि मोजायचं. आपण ओतलेलं वजा जाता लिटरभर आलं तर ठीक. दर खेपेला चार-चार लिटर येऊ लागलं तर प्रकरण गंभीर. दर दोन ते चार तासांनी हेच, रात्रीसुद्धा. नाडी एरवी मिनिटाला २८ ते ४४. ती साठीपुढे चढत गेली तर पुढच्या वेळेची वाट न पाहता नळी घालायची.

बादलीत गेलेलं शिरेतून परत द्यायचं. नुसत्या रोजच्या गरजेलाच २५ ते ३० लिटर सलाईन लागतं, हे नुकसान त्यावर. सोबत कॅल्शियम आणि पोटॅशियम, कारण ते कमी पडले तर स्नायू आकुंचन पावायलाच कुचराई करतात. जंतुविष रक्तात भिनलं असेल तर खुरांच्या आतही दाह होऊ शकतो. तो टाळण्यासाठी पाय बर्फात ठेवतात.

औषधांचं म्हणाल तर मी फार उत्साही नाही. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिडोकेन इथे शिरेतून थेंबथेंब देतात. त्याचा खरंच किती उपयोग होतो यावर तज्ज्ञांत वाद आहे. आतड्याच्या हालचालींना चालना देणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड या औषधाने काही घोडे बिथरतात. त्या मानाने हाताला धरून चार पावलं फिरवणं आणि सर्जनने परवानगी देताच मूठभर हिरवं गवत पुढे करणं साधं, पण उपयोगाचं.

मग एका पहाटे मोतद्दार आनंदाने सांगत येतो, लीद टाकली! डॉक्टर हसतात आणि तरीही नळी घेऊन निघतात. ती लीद मोठ्या आतड्यात आधीपासूनच पडून असलेली असू शकते. लागोपाठ दोन-तीन खेपा बादली जवळपास रिकामी राहिली, नाडी खाली आली, की मगच ती नळी धुऊन खुंटीला टांगतात.