पैलू नसलेला खडा

नवरत्नांची अंगठी हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. माणिक, पाचू, पुष्कराज, हिरा यांना पैलू असतात आणि ते आळीपाळीने चमकतात. पोवळं आणि लसण्या मात्र तसे नसतात. त्यांना कुठेही कड नाही, कोन नाही. खालून सपाट, वरून फुगीर, देवळाच्या छोट्या घुमटासारखे. मोती जन्मतःच गोल असतो, त्याला कोणी घडवत नाही. पण पोवळ्याचा आणि लसण्याचा तो घुमट माणसाने चाकावर घासून काढलेला असतो.

या घडणीला बाजारात 'कॅबोशॉन' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. 'काबोश' म्हणजे डोकं, त्यावरून आला. आपल्या भाषेत 'पैलू पाडणं' हा वाक्प्रचार इतका मुरला आहे की आपण तो हुशार पोरांनाही लावतो. घुमट काढण्याला मात्र तसा खास शब्द रूढ झाला नाही. वाईट याचं वाटतं की त्यामुळे ही कला पैलूंची धाकटी बहीण समजली जाते. इतिहास उलटा आहे. दगडाला गुळगुळीत गोलाई देणं हजारो वर्षं जुनं आहे. युरोपात रत्नांना पद्धतशीर पैलू पाडायला लागले ते चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास.

आणि काही दगडांना घुमटाशिवाय गतीच नाही. लसण्याच्या पोटात एकाच दिशेने ओळीने बसलेले अतिसूक्ष्म धागे किंवा पोकळ नळ्या असतात. वरचा भाग गोलाईत असला की त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एका रेघेत गोळा होतो आणि मांजराच्या डोळ्यासारखी पट्टी दिसते. त्याच दगडाला पैलू पाडले तर पट्टी गेली. तारा दाखवणाऱ्या नीलमात रुटाइल या खनिजाच्या सुया तीन दिशांनी, एकमेकींना साठ अंशांत छेदत गेलेल्या असतात, म्हणून सहा किरणं दिसतात. घुमटाचा तळ त्या सुयांच्या पातळीला समांतर राखला नाही, तर तारा एका बाजूला सरकतो. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा असा ५६३.३५ कॅरटचा नीलम आहे. नावात इंडिया असलं तरी तो श्रीलंकेचा. त्याचा घुमट काढणाऱ्याला दगड पहिल्यांदा चाकाला टेकवण्याआधीच तारा कुठे उगवणार हे ओळखावं लागलं असणार.

आता चाकाकडे वळू. संस्कृतात घासण्याच्या दगडाला 'शाण' म्हणतात. देवघरात चंदन उगाळायची आपली सहाण त्याच घराण्यातली, आणि जयपूरचे कारागीर आपल्या चाकाला आजही 'सान' म्हणतात. भर्तृहरीच्या नीतिशतकात झिजूनही शोभणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिला मान 'शाणोल्लीढ' मण्याला आहे, म्हणजे सहाणेवर घासून निघालेल्या रत्नाला. पण तो शाण फिरता होता की स्थिर, हे त्या शब्दावरून कळत नाही. कालिदासाने मात्र ते सांगून ठेवलं आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, अवंतीचा राजा कसा दिसतो? त्वष्ट्याने, म्हणजे विश्वकर्म्याने, फिरत्या चाकावर चढवून काळजीपूर्वक घासलेल्या सूर्यासारखा. मागे पुराणातली कथा आहे: सूर्याचं तेज मुलीला सोसवेना, म्हणून विश्वकर्म्याने जावयालाच चाकावर धरून त्याचं तेज छाटलं. चाक फिरतंय, वस्तू त्यावर टेकवली आहे, वरचा थर झिजतोय आणि आतली झळाळी बाहेर येतेय, हे दृश्य ऐकणाऱ्यांच्या ओळखीचं असल्याशिवाय अशी उपमा सुचत नाही.

दगड घासायचा तर त्याहून कठीण काहीतरी हवं. अकीक, गारगोटी, स्फटिक हे सगळे सिलिकाचे भाऊबंद. एक ते दहाच्या मोहसच्या मापात त्यांची कठिणता ७ च्या आसपास. त्यांना नमवणारा आपल्याकडचा दगड म्हणजे कुरुंद, कठिणता ९. माणिक आणि नीलम हेही मुळात कुरुंदच, फक्त रंगीत आणि स्वच्छ. दक्षिण भारतात मिळणाऱ्या या दगडाची ओळख लंडनच्या रॉयल सोसायटीला चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ साली करून दिली. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही तमिळ 'कुरुंदम्'वरून गेला. कुरुंदाची पूड वितळत्या लाखेत कालवायची आणि तिचं चाक ओतायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. भरड पूड घातली तर तासायचं चाक, बारीक घातली तर उजळायचं. चाकाच्या आसाला कमानीची दोरी गुंडाळलेली. कारागीर एका हाताने कमान ओढतो आणि दुसऱ्या हाताने खडा टेकवतो. चाक सलग फिरत नाही. एकदा पुढे, एकदा मागे. या लयीत एका हाताने तंतोतंत गोलाई काढणाऱ्यांच्या हातात काय असेल याचा विचार करून मी थक्क होते.

या कलेचं आपल्याकडचं सर्वांत जुनं चालतं-बोलतं घर गुजरातेत आहे. जुन्या मराठीत ज्याला खंबायत म्हणत ते खंभात. तिथला कच्चा दगड येतो नर्मदेच्या खालच्या अंगाला, झगडियाजवळच्या रतनपूर भागातून. त्याचं मूळ आपल्या पायाखालच्याच काळ्या कातळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यातल्या वायूच्या पोकळ्या पुढे सिलिकाने थराथराने भरत गेल्या, कातळ झिजला आणि कठीण अकीक तेवढे गोटे होऊन नदीच्या गाळात उरले. सह्याद्रीत भटकताना फुटक्या दगडाच्या पोटात चमचमणारी गारगोटी दिसते, ती याच कुळातली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासनोंदीत पैठणहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात ऑनिक्स या अकीकवर्गी दगडांचा उल्लेख आहे. म्हणजे गोदाकाठचा दगड गाडीवर लादून नर्मदेच्या मुखाशी जात होता आणि तिथून जहाजात चढत होता.

धंदा त्याच्याही खूप आधीचा. लोथलच्या उत्खननात एस. आर. राव यांना मणी घडवण्याचा कारखाना सापडला, अर्धवट घडलेल्या मण्यांसकट. सिंधू संस्कृतीचे लांबट लाल अकीक मणी थेट मेसोपोटेमियात, ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले. ते मणी कसे केले असतील हे समजून घ्यायला मार्क केनॉयर, मास्सिमो व्हिडाले आणि कुलदीप भान हे अभ्यासक खंभातच्या कारागिरांशेजारी जाऊन बसले, कारण तिथल्या रीतीत जुनं बरंच काही टिकून होतं.

ती रीत अशी. दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मातीच्या मडक्यात घालून मंद आचेवर भाजायचा. आतल्या लोहाचा रंग बदलतो आणि पिवळट तपकिरी गोटा लाल होतो. घाई केली तर तडकतो. मग येते छिलाई. जमिनीत एक लोखंडी टोकदार खुंटा तिरका रोवलेला असतो. कारागीर दगडाची कड त्या टोकाला टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने, बांबूच्या बारीक दांड्यावर बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टिचकी मारल्यासारखा ठोका देतो. ठोका इकडून बसतो, कपची मात्र खुंट्याच्या बाजूने उडते. शिंग मऊ असल्याने दगड फुटत नाही, फक्त सोलला जातो. कांदा सोलावा तसा. चाकावर जाण्याआधीच खड्याची अर्धी गोलाई इथे आलेली असते. शेवटच्या झिलईसाठी मणी कुरुंदाच्या पुडीसह कातड्याच्या पिशवीत भरत, आणि दोघं समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहत, कित्येक दिवस. आता ते काम विजेवर फिरणारी पिंपं करतात.

रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या संताने अकीकाचा धंदा भरभराटीला आणला अशी तिथल्या सिद्दी समाजाची श्रद्धा आहे. खंभातचे मणी शतकानुशतकं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकले गेले, हे लक्षात घेतलं की ही श्रद्धा व्यापाराच्या वाटेशी किती जुळते ते कळतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा यानेही या दगडांची आणि त्यांच्या व्यापाराची नोंद केली आहे.

युरोपातल्या गोष्टीत मी फार रमणार नाही. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या साधूने लिहून ठेवलं आहे की खडा डांबरासारख्या चिकट लगद्याने काठीवर बसवावा, पाणी घालत वालुकाश्मावर घासावा, मग त्याहून बारीक दगडावर. वाचताना गंमत वाटते, कारण आपल्याकडे खडा काठीवर लाखेने बसवतात, तिथे लगद्याने, एवढाच फरक. पुढे तिथे पैलूंचं वेड आलं. मुघलांना मात्र वजनाचा आणि रंगाचा मोह जास्त होता. त्यांचे मोठे लाल खडे नुसते घासून गुळगुळीत केलेले आणि वर बादशहांची नावं कोरलेली. ३५२.५ कॅरटचा 'तैमूर रुबी' असाच बिनपैलूचा आहे, आणि नावात रुबी असूनही तो माणिक नाही, स्पिनेल नावाचं वेगळंच खनिज आहे.

पण जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनबद्दल सांगायलाच हवं. तिथे ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरे आणि तिच्या आसावर माणसाहून उंच लाल वालुकाश्माची चाकं. घासणारा कारागीर लाकडी बाकावर पोटावर पालथा पडे, पाय मागे पट्टीला रेटायचे आणि अंगाचा सगळा भार खड्यातून चाकावर द्यायचा. दिवसभर, ओल्या गारठ्यात. स्थानिक अकीक संपत आला तेव्हा लोक देशोधडीला लागले, ब्राझीलला गेले, आणि तिथल्या रिओ ग्रांदे दो सुलमध्ये त्यांना अकीकाचे साठेच सापडले. १८३० च्या दशकापासून तो दगड जहाजाने इडारला यायला लागला. मग इडारने आफ्रिकेच्या बाजारासाठी मणी आणि पदकं घडवायला घेतली, तीही खंभातच्या घाटावर. त्या बाजारात खंभातच्या मालाला नवा स्पर्धक उभा राहिला.

चाक खऱ्या अर्थाने बदललं १८९१ मध्ये. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता. माती आणि कोक विजेच्या प्रवाहाने तापवल्यावर त्याला चमकदार, विलक्षण कठीण स्फटिक मिळाले. हा कार्बन आणि कोरंडमचा संयोग असावा असं समजून त्याने नाव ठेवलं 'कार्बोरंडम'. प्रत्यक्षात ते निघालं सिलिकॉन कार्बाइड. समज चुकीचा होता, पण त्या चुकीमुळे आपला कुरुंद जगभरच्या घासचाकांच्या नावात जाऊन बसला. पहिली पूड रत्नं पॉलिश करणाऱ्यांनीच विकत घेतली, कॅरटच्या मापाने. नंतर ती स्वस्त झाली, विजेची छोटी मोटर आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हजारो हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये खडे घासायला लागले. पूर्वी घराण्यात, बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या कोणालाही शिकता यायला लागली. आज त्याच वाटेने आलेलं यंत्र मिळतं: एका आसावर सहा चाकं, पृष्ठभागावर हिऱ्याची पूड, क्रमांक ८०, २२०, २८०, ६००, १२०० आणि ३०००; आकडा वाढेल तशी पूड बारीक. पहिली दोन कडक धातूची. पुढची मऊ पाठीची, खड्याच्या गोलाईप्रमाणे किंचित दबणारी.

अशाच एका यंत्रावर मी शिकले. पाच-सहा मिलिमीटर जाडीची अकीकाची चकती, त्यावर साच्यातून अॅल्युमिनियमच्या तारेने काढलेला लंबगोल, कारण पेन्सिलची रेघ पाण्याने जाते. रेघेपर्यंत घासायचं. खालची कड अगदी जराशी मोडायची, नाहीतर कोंदणात बसवताना तिथे टवका उडतो. मग खडा काठीवर चिकटवून वरच्या कडेला पंचेचाळीस अंशांत उतार, त्याच्या वर दुसरा, कमी उतार, आणि मग मनगट वळवत सगळे उतार एकमेकांत मिसळायचे. इथेच प्रत्येक नवशिका फसतो. आपण बाजू घासत राहतो आणि माथा सपाटच राहतो. बोटाला तो लागत नाही. खडा पुसून ट्यूबलाइटखाली धरला की दिसतो: ट्यूबची पांढरी रेघ घुमटावरून सरकता सरकता माथ्यावर एकदम रुंद होते, थबकते. माझ्या पहिल्या सातही खड्यांवर ती थबकली होती. शिकवणारे काका फक्त म्हणायचे, "थांबवू नकोस हात." हात चाकावर एका जागी क्षणभर स्थिरावला की सपाटी आलीच. आणि ८० च्या चाकाचा एखादा ओरखडा राहिला असेल तर तो १२०० वर गेल्यावरच उघडा पडतो. मग चार पायऱ्या उतरून परत.

माझ्या चाकावर सतत पाणी पडत असतं. खंभातमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोरडं घासलं गेलं. सिलिकाची ती धूळ डोळ्यांना नीट दिसतही नाही इतकी बारीक, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. हा सिलिकोसिस, त्यावर इलाज नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांच्या तपासण्या केल्या, तेव्हा फक्त चाकावर बसणारेच नाही तर आसपास राहणारी माणसंही या धुळीच्या कचाट्यात असल्याचं दिसलं. घरातच चाक, तिथेच चूल, तिथेच पाळणा. त्यात क्षयाची लागण सोपी होते. इडारच्या पालथ्या पडून घासणाऱ्यांची फुप्फुसंही अशीच गेली. मण्यांच्या माळेच्या किमतीत ही किंमत कधीच धरली गेली नाही, आणि ही गोष्ट मला शांतपणे लिहिता येत नाही.

म्हणून काकांनी मला खडा हातात द्यायच्या आधी दुसरंच शिकवलं होतं. पाणी बंद तर मोटर बंद. तोंडावर कापड नाही, धुळीचा मास्कच. आणि काम संपलं की चाकाखालच्या ट्रेमधला राखाडी गाळ वाळू द्यायचा नाही, झाडायचा तर मुळीच नाही. तो ओला असतानाच फडक्याने टिपून पिशवीत बांधायचा.