शालेय स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी मैफलीच्या रचनांची निवड

व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास या चार गजवाद्यांच्या शालेय वृंदाने जाहीर कार्यक्रमात काय वाजवावे, हे ठरवण्याची प्रक्रिया. अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांत ऑर्केस्ट्रा हा वेळापत्रकातला रीतसर विषय असतो. त्यामुळे शरद ऋतूतला कार्यक्रम, नाताळच्या आधीचा, वसंतातला आणि मधल्या काळातली परीक्षकांसमोरची महोत्सवी फेरी, अशा प्रत्येक वेळी शिक्षकाला ही निवड करावी लागते. एकदा निवडलेल्या दोन-तीन रचना मुले पुढचे दोन-तीन महिने रोज वाजवतात. म्हणून त्या वर्गापुरता अभ्यासक्रम त्या रचनांनीच ठरतो. हात, कान आणि गज काय शिकणार, हे स्वरलेखनाच्या कागदावर आधीच लिहिलेले असते.

रचना पारखताना पहिल्या व्हायोलिनची धून ऐकून भुलू नये, हे या कामातले पहिले पथ्य. खरी कसोटी व्हियोला, दुसरे व्हायोलिन आणि बास यांच्या ओळींत असते. चांगली शालेय रचना या ओळींनाही काहीतरी सांगण्याजोगे देते. वाईट रचना त्यांना पानभर लांब स्वर धरून बसवते.

सोपे काय आणि अवघड काय, हे वाद्यांच्या तारांवरून ठरते. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई (ही पाश्चात्त्य स्वरांची नावे) अशा लावतात. व्हियोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. डी आणि ए या तारा चारही वाद्यांत आहेत, म्हणून नवशिक्यांच्या बहुतेक रचना डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा षड्ज धरणाऱ्या सप्तकात, असतात. व्हायोलिनवर डी आणि ए या दोन्ही तारांवर बोटांची ठेवण एकसारखी येते, दुसरे आणि तिसरे बोट जवळजवळ. मूल ती ठेवण एकदा शिकले की पूर्ण सप्तक हाती येते. बासची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या तारा ई, ए, डी, जी अशा चौथ्या स्वराच्या अंतराने लावतात आणि बोटे ठेवायची फळी इतकी लांब असते की पहिल्या पोझिशनमध्ये (म्हणजे हात फळीच्या वरच्या टोकाशी असताना) पहिल्या आणि चौथ्या बोटात फक्त एका पूर्ण स्वराचे अंतर बसते. डी मेजर वाजवताना जी तारेवर ए आणि बी मिळतात, पण पुढच्या सी शार्पसाठी (सीपेक्षा अर्धा स्वर चढा) हात सरकवावाच लागतो. व्हायोलिनवाल्यांचा पहिला धडा बासवाल्यासाठी अशा रीतीने तिसरा-चौथा ठरतो. उलट जी मेजर त्याच्या हाताला सहज बसतो, ई तारेवरच्या जीपासून उघड्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) जी तारेपर्यंत हात न हलवता. फ्लॅट म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेल्या स्वरांच्या रचनांत चेलोला त्रास होतो: ए तारेवरच्या बी फ्लॅटसाठी पहिले बोट मागे ताणावे लागते, आणि लहान हाताचा स्वर तिथे हमखास चढतो. शिक्षकाने चारही भाग स्वतः वाद्य हातात घेऊन एकदा वाजवून पाहावेत असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

व्हियोलाची अडचण निराळी. अनेक शाळांत व्हियोलावादक पुरेसे नसतात, म्हणून अमेरिकन प्रकाशक पुष्कळदा तिसऱ्या व्हायोलिनचा भाग जोडून देतात. त्यात व्हियोलाचीच ओळ व्हायोलिनच्या वाचनाच्या सोयीने लिहिलेली असते. सोय चांगली आहे, पण तिच्या जोरावर व्हियोला रिकामाच ठेवण्याची सवय लागते आणि त्या वाद्याचा सी तारेवरचा गडद आवाज वृंदात उरतच नाही.

प्रसिद्ध रचनांचा मोह फार मोठा असतो. सॅम्युएल बार्बरचे 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' संथ आहे, स्वर थोडे आहेत, कागदावर ते सोपे भासते. प्रत्यक्षात ते पाच फ्लॅटच्या बी फ्लॅट मायनरमध्ये आहे, व्हायोलिन अगदी उंच स्वरांपर्यंत चढतात, आणि इतक्या संथ लयीत प्रत्येक बेसूर स्वर उघडा पडतो. १९३८ मध्ये संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी ते एनबीसी सिंफनी या व्यावसायिक वृंदाकडून प्रथम सादर केले. वादकांचा तो दर्जा गृहीत धरूनच त्या संगीताकडे पाहावे. पाखेलबेलच्या 'कॅनन इन डी'चा दोष याच्या उलट आहे. व्हायोलिनवाले त्यात रमतात, चेलोला मात्र तेच आठ स्वर २८ वेळा वाजवायचे असतात. मुळात व्हियोलाला त्यात भागच नाही. कार्यक्रमात एकदा ठीक, पण चेलोवर बसलेल्या मुलांचे दोन महिने त्यावर खर्च करणे अन्यायाचे आहे.

मुलांसाठी लिहिताना मोठ्या संगीतकारांनी कमी प्रतीचे लिहिले, असा समज होऊ नये. व्हिवाल्डी १७०३ पासून व्हेनिसच्या ओस्पेदाले देला पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवत होता आणि त्याच्या कितीतरी कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वृंद यांच्या रचना) तिथल्या मुलींच्या वृंदासाठी आहेत. गुस्ताव होल्स्ट १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीतशिक्षक होता. शाळेने १९१३ मध्ये नवा संगीत विभाग बांधला आणि त्यात त्याला बाहेरचा आवाज न येणारी खोली दिली. त्याच सुमारास त्याने शाळेच्या वृंदासाठी 'सेंट पॉल्स सुइट' लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात 'डार्गासन' ही नाचाची धून अखंड फिरत राहते आणि तिच्या अंगावरून 'ग्रीनस्लीव्ह्ज' वाहत येते. दोन वेगळ्या चालींच्या धुना एकत्र बसताना अनुभवणे हा मुलांच्या कानाला मिळणारा मोठा धडा आहे. १९३३ मध्ये त्याच शाळेच्या लहान मुलींच्या वृंदासाठी त्याने 'ब्रूक ग्रीन सुइट' लिहिला. तो हाताला सोपा आहे, पण त्यात पोकळ असे काही नाही. पॉल हिंडेमिटने १९२७ मध्ये थोड्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाच रचना केल्या, त्याही केवळ पहिल्या पोझिशनमध्ये वाजतील अशा.

या सगळ्यांत राल्फ वॉन विल्यम्सचा 'कन्चेर्तो ग्रोसो' विशेष मोलाचा. रूरल म्युझिक स्कूल्स असोसिएशनसाठी तो लिहिला गेला आणि नोव्हेंबर १९५० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली शेकडो वादकांनी वाजवला. वादकांचे तीन गट केलेले आहेत: पुढे बसलेले तयारीचे वादक, मधला मोठा गट, ज्यांना तिसरी पोझिशन आणि सोपे जोडस्वर जमतात, आणि तिसरा गट नवशिक्यांचा. ज्यांना फक्त उघड्या तारा वाजवता येतात त्यांच्यासाठीही या तिसऱ्या गटात जागा आहे, आणि त्यांनी ओढलेल्या उघड्या तारा बाकीच्यांच्या संगीताला खरोखर आधार देतात. मिश्र तयारीच्या वर्गासाठी निवड करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही संहिता (सर्व भागांचे एकत्र स्वरलेखन) एकदा वाचावी.

अमेरिकन प्रकाशक रचनांना साधारण १ ते ६ अशा श्रेणी देतात. टेक्ससमधील यूआयएल (आंतरशालेय स्पर्धा घेणारी संस्था) आणि न्यूयॉर्क राज्यातील निस्मा (शालेय संगीत संघटना) यांच्या मान्य याद्यांतही अशीच वर्गवारी असते आणि परीक्षकांसमोरच्या फेरीसाठी निदान काही रचना त्यांतूनच घ्याव्या लागतात. श्रेणी उपयोगी आहे, पण ती सरासरी सांगते. तिसऱ्या श्रेणीच्या रचनेत पहिल्या व्हायोलिनला चौथीचे आणि बासला दुसरीचे काम असू शकते. शिवाय प्रकाशकांचे नमुना ध्वनिमुद्रण व्यावसायिक वादकांनी केलेले असते. ते ऐकून निवडण्यापेक्षा संहिता समोर ठेवून गजाचे काम पाहावे: पिझिकातोवरून (बोटाने तार छेडण्यावरून) पुन्हा गजावर यायला किती मात्रा दिल्या आहेत, एका गजात किती स्वर बांधले आहेत, स्पिकातो (तारेवर उसळता गज) अपेक्षित असलेल्या लयीत मुलांचा गज उसळतो का. पहिल्याच वाचनात अडखळत का होईना, वृंद शेवटपर्यंत पोचला पाहिजे. जिथे अर्धा वर्ग मध्येच थांबतो ती रचना पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

कार्यक्रमात एक संथ रचना असावीच. शिक्षक ती टाळतात, कारण मायनर सप्तकातली दमदार, वेगवान रचना दोष झाकते आणि टाळ्या मिळवते. पण सूर आणि गजाचा दाब संथ रचनेतच घडतो.

गेल्या काही वर्षांत याद्यांमध्ये जोसेफ बोलोन्य, सॅम्युएल कोलरिज-टेलर, फ्लॉरेन्स प्राइस अशा पूर्वी वगळल्या गेलेल्या कृष्णवर्णीय संगीतकारांची नावे येऊ लागली, हे उशिरा का होईना योग्यच झाले. 'भारतीय' म्हणून छापल्या जाणाऱ्या रचना मात्र नीट पारखाव्यात. त्यांत पुष्कळदा भैरवचे स्वर घेतलेले असतात, कारण कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यातले अंतर पाश्चात्त्य कानाला पौर्वात्य वाटते. डी हा षड्ज धरला तर हे स्वर ई फ्लॅट आणि एफ शार्प होतात, आणि चेलोवर बोटे नेमकी तिथेच ताणावी लागतात. मुलांच्या हातून ना राग उमटतो ना सूर लागतो. त्यापेक्षा भूप कितीतरी सोयीचा: डी, ई, एफ शार्प, ए, बी. मध्यम आणि निषाद नसल्याने बासला तो अडचणीचा सी शार्प लागतच नाही, आणि डी-ए या उघड्या तारांचा षड्ज-पंचम चारही वाद्यांना आयता मिळतो. मींड नोटेशनमध्ये पूर्णपणे उतरत नाही, तेव्हा ती शिक्षकाने गाऊन दाखवावी. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील शालेय वृंदांत आज मराठी घरांतली मुलेही व्हायोलिन, चेलो घेऊन बसतात. त्यांच्या घरी हे स्वर ओळखीचे असतात.

आपल्याकडे गजवाद्यांची पाश्चात्त्य पद्धतीची तालीम प्रामुख्याने गोव्यातील चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांमधून आली. तिथे मुले आधी सोलफेजिओ म्हणजे स्वरवाचन शिकत, मग व्हायोलिन हाती घेत; त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठ्या संख्येने आले. वाचनाचा पाया आधी घालण्याची ती रीत आजही अनुकरणीय आहे. ज्या वृंदाचे वाचन पक्के, त्याच्यापुढे निवडीचे क्षेत्र आपोआप मोठे होते.

खर्चाचा विचारही निवडीत येतो. छापील संच विकत घेतल्यावर त्यातील भागांच्या मनमानी झेरॉक्स काढणे बेकायदेशीर आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचनेवरील हक्क संपतो. मोझार्ट, ग्रीग, होल्स्ट यांच्या मूळ संहिता २००६ पासून चालू असलेल्या आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य मिळतात. मात्र अलीकडे कोणी केलेल्या सोप्या रूपांतरावर रूपांतरकाराचा स्वतंत्र हक्क असतो, आणि शाळांना बहुधा हीच रूपांतरे हवी असतात.