मांजराचे चाळे

मांजराचे चाळे : घरातल्या मांजराच्या, वरवर पाहता अकारण वाटणाऱ्या वागण्याला बोलीत दिलेले नाव. अपरात्री घरभर उधळणे, मऊ अंथरूण सोडून रिकाम्या खोक्यात ठाण मांडणे, कोऱ्या भिंतीकडे टक लावणे, कणीक तिंबावी तसे माणसाच्या पोटावर पंजे चालवणे, असे कितीतरी प्रकार त्यात येतात. पाळणारे याला लहरीपणा म्हणतात. पण यातले बहुतेक चाळे एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याला शोभणारेच आहेत. फक्त शिकारीचे रान जाऊन तिथे दिवाणखाना आला आहे.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. धान्याची कोठारे झाली, तिथे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर माणसाच्या दारात आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराची सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची कबर सापडली आहे. कुत्र्याला माणसाने कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले; मांजराच्या वाट्याला ते फारसे आले नाही. हाक ऐकून कान हलवणारे पण जागचे न उठणारे मांजर पाहिले की हा फरक लगेच कळतो. हाक त्याला ऐकू आलेली असते.

मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपते आणि पहाटे व तिन्हीसांजेला तरतरीत होते, कारण छोटी सावजे त्याच सुमारास बाहेर पडतात. घरात सावज नसले तरी साठलेला जोर कुठेतरी निघायला हवा, म्हणून पहाटे पाचला पलंगावरून कपाटावर आणि कपाटावरून पडद्यावर फेरी निघते. झोपण्याआधी दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला दमेपर्यंत पळवावे आणि मग जेवू घालावे, हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. ओरडण्याचा उपयोग होत नाही. खोक्यात दडता येते, दबा धरता येतो आणि ऊबही मिळते. मांजराला ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमान सुखाचे वाटते, म्हणजे आपल्याला उकडायला लागते तिथे त्याचे बरे चालते. भिंतीकडे पाहण्यात भुताखेताचा संबंध नाही. माणसाला न ऐकू येणारे उंदरांचे अतिउच्च आवाज त्याला ऐकू येतात.

टेबलावरचे पेन पाडण्याची रीत जवळून पाहण्यासारखी असते. पंजाने एक टिचकी, मग थांबून तुमच्याकडे एक नजर, मग दुसरी टिचकी. पेन पडले की माणूस धावत येतो, हे एकदा लक्षात आले की खेळ पक्का होतो. इथे कोण कोणाला शिकवतो हे उघड आहे.

पंजे चालवणे ही पिल्लूपणाची सवय. आईच्या पोटाशी दाबले की दूध सुटते, ती हालचाल मोठेपणीही सुखाच्या क्षणी परत येते; काहींची तेव्हा लाळही गळते. ‘म्याव’चेही तसेच. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना ते क्वचितच वापरतात, ते मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेले असते. घुरघुर मात्र नेहमीच समाधानाची नसते. दुखत असलेले किंवा घाबरलेले मांजरही घुरघुरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की खाणे मागताना काही मांजरे घुरघुरीतच एक बारीक रडका सूर मिसळतात आणि ती ऐकणाऱ्याला जास्त निकडीची वाटते. मोजा हुंगून तोंड उघडे टाकून बसलेले मांजर किळस करत नसते. टाळूवरच्या गंधेंद्रियापर्यंत तो वास नेत असते. डोळे मिटून दूध पिण्याची म्हण त्याच्या नावावर आहे. नाकासमोरचे त्याला खरोखरच धड दिसत नाही, तिथे मिशा कामी येतात. दुधाचे म्हणाल, तर पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतही नाही.

चाळा आणि आजार यांतली रेघ मात्र पाळणाऱ्याने ओळखायला हवी. जुना चाळा कितीही विचित्र असो, काळजीचे कारण क्वचित असते. अचानक बदललेले वागणे तसे नसते. म्हातारे मांजर रात्री विव्हळू लागले तर थायरॉईड किंवा रक्तदाब तपासून घ्यावा. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथतो आणि लघवी होत नाही, याला हट्ट समजू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.